घरबांधणी आणि हिवाळ्यांतील सण

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ज्यानें ती प्रथम उच्चारली त्याचा अनुभव दांडगा असला पाहिजे. परंतु एक गोष्ट त्यानें सांगावयाची ठेवली. घर बांधावयास काढलें कीं सण येतात, आणि सण आले कीं घराचें काम थांबतें. अशा वेळीं गृहस्थानें चुलीकडे पाहावें कीं चुन्याकडे? गेल्या हिवाळ्यांत माझ्या एका आप्ताला हा प्रश्न पडला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला मराठवाड्यांतील घरबांधणीचा थोडासा इतिहास चाळावा लागला. तोच आज आपणांपुढें मांडतों.

हा आप्त म्हणजे माझा मावसभाऊ; राहणार देगलूरचा. नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाला, लेंडी नदीच्या खोऱ्यांत हें तालुक्याचें गांव आहे. एका अंगास तेलंगण, दुसऱ्या अंगास कर्नाटक; त्यामुळें बाजारांतून फेरी मारली तर मराठी, तेलुगु, कानडी आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा कानीं पडतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां याच तालुक्याचीं बिचकुंदा आणि जुक्कल हीं मंडळें आंध्र प्रदेशाकडे गेलीं व उरलेला तालुका मुंबई राज्यांत आला. सीमा बदलली, पण सोयरीक आणि मजुरी बदलली नाहीं. आजहि गवंडी इकडचा आणि बिगारी पलीकडचा, असा मेळ तेथें सर्रास दिसतो.

माझ्या भावानें जुन्या माळवदी घराचा मागचा भाग उतरविला आणि कार्तिकांत नव्या घराचा पाया भरला. मार्गशीर्षांत खांब उभे राहिले, आणि स्लॅब टाकण्याचा दिवस ठरला. तेवढ्यांत मुकादम येऊन म्हणाला, “मालक, स्लॅब टाकूं, पण माळेगांवची यात्रा चार दिवसांवर आली आहे आणि तिच्या मागोमाग येळवस. ते दोन-तीन दिवस माझा एकहि माणूस कामावर यावयाचा नाहीं.” भावाचा संताप झाला. सेंट्रिंगचें भाडें दिवसागणिक चढणार, माघांत घरांतच पुतणीचें लग्न, पाहुण्यांचीं पत्रें येऊं लागलेलीं, आणि अर्ध्या घराला छप्पर नाहीं! त्यानें मला कळविलें, “या सणांनीं माझें घर खाल्लें.” माझी मावशी जवळच बसली होती. ऐंशी उलटलेली ती वृद्धा एवढेंच म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या वेळींहि गवंडी येळवशीला असेच जात. पण बाळ, तेव्हां कुणी रागावल्याचें मला आठवत नाहीं.”

मावशीच्या या वाक्यानें मी विचारांत पडलों. गवंडी तोच, सण तोच, हिवाळा तोच. मग राग तेवढा नवा कां?

प्रथम काळाचा विचार करूं. आपल्याकडे घर बांधण्यास मोकळे महिने फार थोडे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. त्यांत पाऊस, आणि पावसांत भिंत उभारणें अशक्यच. मत्स्यपुराणांत कोणत्या महिन्यांत घर आरंभिलें असतां काय फळ मिळतें याची एक यादी आहे. तींत कार्तिकाला धनधान्य आणि मार्गशीर्षाला अन्नाची समृद्धि सांगितली आहे. पौषाला मात्र चोरांचें भय आणि माघाला पुष्कळ लाभांबरोबर अग्नीचेंहि भय सांगितलें आहे. पुराणकारांच्या मनांत काय होतें तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु पीक घरांत येऊन पडलें आहे आणि भिंती अर्ध्याच उठल्या आहेत अशा पौषांतल्या घराला चोराचें भय वाटलें तर नवल नाहीं. माघांत अंगणांत कडब्याच्या गंजी असतात आणि हवा कोरडी असते. तेथें ठिणगीचें भय खरेंच. कसेंहि असो, कार्तिकी एकादशी उलटली कीं मार्गशीर्षाच्या अमावास्येपर्यंत जे सव्वा-दीड महिने मिळतात, त्यांतच पाया घालावयाचा, अशी रीत पडली. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. पौषांत निषेध आहे तो आरंभाचा. चालू काम पुढें नेण्यास कोणाची हरकत नसे.

आतां पंचांग उघडा. त्याच दीड महिन्यांत काय काय येतें पाहा. तुळशीचें लग्न होऊन लग्नसराई सुरू होते. चंपाषष्ठीला खंडोबाचें भरीत-रोडग्याचें नैवेद्य, पौर्णिमेला दत्तजयंती, वद्य चतुर्दशीपासून माळेगांवची यात्रा आणि दुसऱ्या दिवशीं वेळ अमावास्या. पुढें धनुर्मासांतील पहांटेची खिचडी आणि भोगी-संक्रांत. म्हणजे घराला जो काळ सोईचा तोच सणांनाहि सोईचा. हा योगायोग नव्हे. दोहोंनाहि एकच गोष्ट लागते: पाऊस संपलेला असावा आणि घरांत धान्य आलेलें असावें. निजामी अमलांत सरकारचेंहि असेंच होतें. हैदराबाद राज्याचें कामकाज फसली सालानें चाले, आणि त्या सालाचा पहिला महिना आजूर हा ऑक्टोबरच्या आरंभीं लागे. फसल या शब्दाचा अर्थच पीक. सरकारचा सारा, देवाचा नैवेद्य आणि गवंड्याची मजुरी, तिन्हींचे डोळे एकाच खळ्याकडे लागलेले असत.

फार मागें जावयाचें तर देगलूर तालुक्यांतच होट्टल येथें कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचें सिद्धेश्वराचें देऊळ आहे. तें पाहतांना मनांत येतें कीं एवढा दगड घडविणाऱ्या पाथरवटांचें पोट कोणत्या दानावर भरत असेल? त्या काळांतील दख्खनचे दानलेख वाचले तर दानाचा प्रसंग म्हणून ग्रहणाबरोबर उत्तरायण-संक्रांतीचा उल्लेख वारंवार आढळतो. म्हणजे हिवाळ्यांतला सण बांधकामाच्या आड येण्याऐवजीं बांधकामाला पैसा पुरवीत असे. सण आणि बांधकाम यांचें वैर जुनें नाहीं, हें येथेंच दिसूं लागतें.

आपल्या गांवगाड्याच्या भाषेंत दोन सुंदर शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे जिच्यावर गांव वसलें ती जमीन. घर उठतें पांढरीवर, पण त्याचा खर्च निघतो काळींतून. सुतार घराच्या तुळया तासतो. परंतु रब्बीच्या पेरणीपर्यंत तो कुणब्याच्या तिफणीला बांधलेला असे, कारण त्याचें वर्षाचें बलुतें खळ्यावर मिळावयाचें. काळी मोकळी झाल्यावांचून पांढरीला माणूस मिळत नसे. आणि वेळ अमावास्या, मराठवाड्याच्या बोलींत येळवस, ही तर काळीचीच पूजा. शेजारच्या कर्नाटकांत हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून पाळतात. कानडींत एळ्ळु म्हणजे तीळ. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या या पट्ट्यांत त्या दिवशीं गांवें ओस पडतात. शेतांत कडब्याची कोप उभारावयाची, पांच पांडवांचे दगड मांडून पूजा करावयाची, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असें जेवण आल्यागेल्याला वाढावयाचें. ज्याला स्वतःचें शेत नाहीं त्यालाहि त्या दिवशीं कोणी ना कोणी आपल्या शेतांत बोलावतोच. अशा दिवशीं गवंडी कामावर राहील ही अपेक्षाच चुकीची.

माळेगांवच्या यात्रेचेंहि असेंच आहे. लोहा तालुक्यांतील हें खंडोबाचें स्थान घोडे, उंट, गाढवें आणि गुरें यांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. माती उपसणें, दगड फोडणें आणि वाहणें हीं कामें पिढ्यान्‌पिढ्या करणारा वडार समाज घरबांधणीच्या पायाशीं उभा असे, आणि माती-विटा वाहावयाच्या त्या गाढवाच्या पाठीवरून. तें गाढव घ्यावयाचें कोठें? तर यात्रेच्या बाजारांत. मालकाला जी सुटी दिसे ती कारागिराच्या दृष्टीनें वर्षाच्या भांडवलाची खरेदी असे.

येवढ्यानेंहि मावशीच्या प्रश्नाचें पूर्ण उत्तर मिळत नाहीं. मजूर जात हें खरें. पण मालक रागावत कां नसे? याचें उत्तर पंचांगांत नसून भिंतींत आहे.

जुनें माळवदी घर कसें बांधीत तें पाहा. प्रथम सागाचे खांब आणि त्यांवर तुळया असा सांगाडा. साग जिल्ह्याच्या किनवटाकडील रानांतून येई. दोन तुळयांमधलें अंतर तो खण. घर किती मोठें तें खणांवर मोजीत. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोंवतीं दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. त्यांत कोनाडे, देवळ्या आणि धान्याचें बळद. काळी माती भिंतीस चालत नाहीं. ती पाण्यानें फुगते आणि उन्हानें भेगाळते. म्हणून गांवठाणाची पांढरी माती भिजवून, तुडवून, मुरवून घ्यावयाची. अशा मातीची भिंत एकदम चढवितां येत नाहीं. हातभर-दीड हात थर झाला कीं थांबावें लागतें. खालचा थर वाळून घट्ट झाला नाहीं आणि वर भार चढविला, तर भिंत पोट काढते. हिवाळ्यांतल्या कोरड्या वाऱ्यांत तो थर सावकाश, न तडकतां वाळे. अर्थात् गवंडी यात्रेला गेला म्हणून काम थांबत नसे; भिंत मागत होती ती विश्रांति तिला मिळत असे. गवंडी परत येई तेव्हां थर पुढच्या ओझ्याला तयार असे. ज्यांच्या घरीं चुन्याचें काम होई त्यांचीहि गोष्ट फारशी निराळी नव्हती. चुना घाणींत मळावयाचा, तो मुरूं द्यावयाचा, आणि हवेंतील कर्बवायु शोषून तो हळूहळू दगडासारखा होईपर्यंत धीर धरावयाचा. त्या घराचा स्वभावच थांबून थांबून वाढण्याचा होता, आणि सण त्या थांबण्याच्या जागीं चपखल बसत. म्हणून माझ्या आजोबांना राग आला नाहीं. ते आमच्यापेक्षां अधिक सहनशील होते असें नव्हे. त्यांच्या भिंतीला घाई नव्हती.

परंतु जुन्या घराचें गुणगान करतांना एक भीषण गोष्ट विसरून चालणार नाहीं. २९ सप्टेंबर १९९३ रोजीं गणपतीचें विसर्जन करून लोक घरीं येऊन निजले, आणि ३० तारखेच्या पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. त्यांना मारलें तें मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या घरांनीं. भिंतीच्या आंतल्या आणि बाहेरच्या दगडी पदरांना आरपार बांधणारे दगड नव्हते; चिखलाचा सांधा धक्क्यासरशी सुटला. माळवद गळूं नये म्हणून दरवर्षीं पावसाआधीं नवी माती टाकण्याची रीत. पिढ्यान्‌पिढ्या तो थर वाढत गेला आणि त्याचें मणामणांचें ओझें माणसांवर कोसळलें. ज्या घरांचा लाकडी सांगाडा चांगला जुळलेला होता तीं पुष्कळ ठिकाणीं भिंती ढांसळूनहि उभीं राहिलीं, हेंहि पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनीं नोंदविलें आहे. दोष मातीचा नव्हता. न बांधलेल्या दगडाचा आणि वाढत्या ओझ्याचा होता. पण ज्यानें ते ढिगारे पाहिले त्याला हा विवेक कोणत्या तोंडानें सांगावा? बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, आणि साऱ्या मराठवाड्यांत लोखंड व सिमेंट यांचें घर म्हणजेच निर्भय घर अशी समजूत रुजली. देगलूर त्या पट्ट्यापासून दूर आहे; भय मात्र तेथवर पोंचलें. माझ्या भावानें मागचें माळवद उतरविलें त्याचेंहि मूळ कारण तेंच. पावसाळ्याच्या रात्रीं वरची माती भिजून जड झाली कीं मावशीला त्याखालीं झोंप येत नसे.

आणि येथेंच उलटापालट झाली. माती वाळून घट्ट होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं, तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. स्लॅब टाकल्यावर निदान सात दिवस, आणि हवा कोरडी असेल किंवा सिमेंट मिश्र जातीचें असेल तर दहा ते चौदा दिवस, त्याला सतत ओलें ठेवावें लागतें. जो हिवाळी वारा मातीच्या भिंतीचा मित्र, तोच ताज्या स्लॅबचा शत्रु. तो वरचेवर पाणी पिऊन टाकतो आणि पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. पहिल्या आठवड्यांत दोन-तीन दिवस पाणी चुकलें तर त्याची भरपाई पुढें पुरती होत नाहीं. सारांश, आजोबांच्या भिंतीला गवंड्याची गैरहजेरी मानवत होती; नातवाच्या छपराला ती मानवत नाहीं. बदलला आहे तो मालाचा धर्म. माणसें आळशी झालीं नाहींत कीं सण वाढले नाहींत. आपण मात्र नव्या मालाचा राग जुन्या सणावर काढतों.

हें एवढें मीं भावाला लिहून कळविलें. अभियंता मी नव्हे. तेव्हां सल्ला असा दिला नाहीं. सल्ला दिला तो मुकादमानेंच. त्यानें विचारलें, “मालक, यात्रेच्या आधीं आतां चारच दिवस आहेत. त्यांत स्लॅब टाकली तर तिच्या पहिल्या आठवड्यांतले दोन-तीन दिवस आमच्यावांचून जातील. त्यापेक्षां अमावास्या होऊन जाऊं द्या. चार लोक परत आल्यावर टाकूं, आणि आळीं करून वर पाणी बांधून ठेवूं.” भावाला पौषाची शंका आली. ती मावशीनें सोडविली. ती म्हणाली, “पाया कार्तिकांत घातला ना? मग आरंभ झाला. पौषांत काम करूं नये असें मीं तरी ऐकलें नाहीं.” सेंट्रिंग अजून लावावयाचेंच होतें, तें आठ दिवसांनीं आणावयाचें ठरलें आणि भाड्याचा प्रश्न आपोआप मिटला.

मधल्या दिवसांत उभ्या खांबांना गुंडाळलेलीं पोतीं ओलीं ठेवण्याचें काम भावानें स्वतःकडे घेतलें. धनुर्मासाचे दिवस, पहांटे उठून खांबांवर पाणी मारावें आणि मग मावशीच्या हातची बाजरीची खिचडी खावी, असा त्याचा क्रम झाला. येळवशीच्या दिवशीं मुकादमानें त्याला आपल्या दोन एकरांत जेवावयास बोलावलें. भाऊ पूर्वीं असल्या आमंत्रणास कधीं गेलेला नव्हता. कारखानदारी आणि कचेऱ्या यांत वाढलेला माणूस. त्यानें नंतर मला सांगितलें, “आम्ही पोंचलों तेव्हां हा आमचा मुकादम आपल्या पोरांना घेऊन कडब्याच्या पेंढ्यांची कोप बांधीत होता. माझ्या घराचे खांब ज्या नजरेनें तो ओळंब्यांत घेतो, त्याच नजरेनें तो त्या पेंढ्यांकडे पाहत होता.” सणासाठीं घर सोडून गेलेला गवंडी सणाच्या दिवशींहि प्रथम घरच बांधतो, हें पाहून त्याचा उरलासुरला राग गेला.

पौष शुद्ध पक्षांत स्लॅब पडली. चौदा दिवस तिच्यावर पाणी उभें होतें. माघांतलें लग्न नव्या छपराखालीं झालें. गिलावा व्हावयाचा होता, पण त्याकडे पाहुण्यांचें लक्ष गेलें नाहीं.

आपणांपैकीं जे कोणी पुढच्या हिवाळ्यांत घर काढणार असतील त्यांना माझें सांगणें एवढेंच. मुहूर्त पाहतांना पायाबरोबर स्लॅबच्या पुढच्या चौदा दिवसांचेंहि पंचांग पाहा. त्यांत कोणाकोणाची यात्रा, कोणाची अमावास्या, कोणाची ईद आणि कोणाचा नाताळ येतो तें गवंड्याला आणि बिगाऱ्याला आधीं विचारा. माळवदाच्या काळीं हें विचारावें लागत नसे, कारण भिंतच तें सांभाळून घेई. आतां तें सांभाळणें आपल्याकडे आलें आहे. मावशी हल्लीं नव्या खोलींत निजते. पावसांत झोंप येते का, असें मीं तिला विचारलें, तर म्हणाली, “येते. पण दुपारीं फार तापतें रे. माळवद गार होतें.”